पूर्ण दिवस समुद्रात

त्यानं लाल पेन्सिलीला टोक काढलं, पट्टी धरली आणि सहाव्या जहाजावर आडवी रेघ मारली.

जेवणाच्या टेबलावर चार कागद चिकटपट्टीनं जोडून केलेला तक्ता पसरला होता. डावीकडे जहाजांची नावं, वर तारखा आणि चौकटीत बंदरं. प्रत्येक बंदरापुढे जहाज किती वाजता लागतं, किती वाजता सुटतं. सुरुवातीला सात जहाजं होती. पहिली दोन खर्चात बसत नव्हती. तिसऱ्यावर रोज संध्याकाळी सूट-टाय लागायचा, आणि टाय लावला की त्याला कुणी गळा धरल्यासारखं व्हायचं. चौथं आणि पाचवं घसरगुंड्यांसाठी प्रसिद्ध होती. सहाव्याचा गुन्हा वेगळा होता. अकरा दिवसांच्या सफरीतल्या सात चौकटींत एकच ओळ होती: पूर्ण दिवस समुद्रात.

"उभी गाडी," तो स्वतःशीच पुटपुटला.

चौतीस वर्षं तो शहरातल्या बससेवेच्या वेळापत्रक विभागात होता. तिथं उभी गाडी ही शिवी होती. चाकं फिरली पाहिजेत. फिरत नसतील तर कुणीतरी कागदावर चूक केलेली असते. लोक त्याला तोंडावर मिनिटसाहेब म्हणत, पाठीमागे नुसतंच मिनिट. निवृत्त होऊन चार महिने झाले होते. तेवढ्यात घरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, सगळ्या बिजागऱ्यांना तेल मिळालं, आणि शेजारच्या आजोबांनी फिरायला जायची वेळ बदलली, कारण हा सोबत यायला लागला होता.

क्रूझची कल्पना मुलीची. तीन आठवड्यांनी आई निवृत्त होणार होती. "आईला कुठंतरी ने, बाबा," ती फोनवर म्हणाली होती. "तिला आवडेल असं काहीतरी बघ. आणि कृपा करून तक्ता करू नकोस." तक्ता त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केला.

दाराची किल्ली फिरली. बायको आत आली, पिशवी खुर्चीवर ठेवून थेट बेसिनकडे गेली आणि तिनं कोपरापर्यंत हात धुतले. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं परिचारिका म्हणून काढल्यावर तिला हात धुण्याची दुसरी पद्धत उरली नव्हती. हात पुसत ती टेबलापाशी आली.

"ही का खोडलीत?"

"सात दिवस काहीच नाही तीत."

"काहीच म्हणजे?"

"पाणी."

"हं."

"शिवाय फोन लागत नाही. तळाला बारीक अक्षरात लिहिलंय. असलं ते नेमकं बारीक अक्षरातच लिहितात."

"आणि ही सातवी?"

"नऊ दिवसांत आठ बंदरं!" तो उठून उभाच राहिला. "हे बघ, इथं सकाळी सातला लागते, साडेअकराला सुटते. तेवढ्यात किल्ला, बाजार आणि संग्रहालय होतं. मी बसवलंय."

"बसवलंय. आणि मी चपला कधी घालायच्या?"

"सहा चाळीसला."

तो विनोद करत नव्हता हे तिला ठाऊक होतं, तरी ती हसली. मग तक्त्याच्या कडेखालून डोकावणारा दुसरा कागद तिनं ओढून काढला. त्याला मथळा होता: 'निवृत्तीनंतर, पहिला महिना'. उठणे सहा दहा. फिरणे सहा पस्तीस, दोघे. भाजी साडेआठ, दोघे. वाचनालय दहा, दोघे. तिचं बोट त्या शेवटच्या शब्दावरून एकेक ओळ खाली उतरत गेलं.

"वा. म्हणजे आता मला डेपोतून सोडणार तर तुम्ही."

"कच्चा आहे तो. सूचना असतील तर सांग."

"बघते," ती म्हणाली. कागद होता तसा खाली सरकवून तिनं ताट वाढून घेतलं आणि ओट्याला टेकून उभ्यानंच जेवली. हेही थिएटरचंच वळण. सुटीच्या दिवशी ती बसून जेवत असे; आज सुटी नव्हती, एवढाच अर्थ त्यानं काढला.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो प्रवास कंपनीच्या कार्यालयात होता. खिडकीमागच्या मुलीला त्यानं गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा गाठलं होतं. बिछान्याची रुंदी, लिफ्टपासूनचं अंतर, जहाजाच्या मध्यावरच्या खोल्या कमी हलतात की काय, सगळं विचारून झालं होतं.

"या काका," ती म्हणाली. "तुमच्यासारखं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं. देवाची दया, एकदाच येतं."

"आज शेवटचं. नऊ दिवसांची, आठ बंदरांची धर. दोघांची खोली."

"सुटले!" तिनं बोटं मोडली आणि त्याचं आडनाव टाइप केलं. मग तिचा हात थांबला. "काका, या आडनावावर एक खोली आधीच धरलेली दिसतेय. काकूंनीच धरलीय ना? मंगळवारी येऊन गेल्या त्या. अकरा दिवसांची, एक प्रवासी..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि संगणकाचा पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"सहावी," तो म्हणाला.

"काय?"

"काही नाही. पैसे भरलेत?"

"नाही. आज पाचपर्यंतच धरून ठेवता येईल. पाचला आपोआप सुटते."

"पुढं बोल."

"पुढं काही नाही काका. तुमची नऊ दिवसांची धरू?"

"जरा थांब," तो म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून फारसा निघत नसे.

बाहेर रस्त्यापलीकडे बसचा शेवटचा थांबा होता. तो बाकावर बसला, उठला, पाटीपर्यंत गेला, परत येऊन बसला. चारला नऊ मिनिटं कमी होती. त्यानं बायकोला फोन लावला. वाजत राहिला. ऑपरेशन चालू असताना तिचा फोन कपाटात असतो आणि सहाच्या आत ती कपाट उघडत नाही, हे त्याला पाठ होतं. तरी त्यानं पुन्हा लावला.

काहीच करायची गरज नव्हती. नुसतं बसून राहायचं. पाच वाजतील, ती खोली सुटेल, आणि उद्या तो सातवी पक्की करून घरी जाईल. तिनं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. त्याचा गुडघा हलायला लागला. त्यानं त्यावर हात दाबून धरला, तर दुसरा हलायला लागला.

एकटी. फिरणे, भाजी, वाचनालय, सगळ्यापुढे त्यानं दोघे लिहिलं होतं. लिहिताना बरं वाटलं होतं. तिला विचारायचं सुचलं नव्हतं. बसगाडीला कुणी विचारतं का?

समोर एक रिकामी बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. याची नजर सवयीनं घड्याळाकडे गेली. या मार्गाला इथं चार मिनिटं. त्यानंच दिली होती. ती बारा करा, असं सांगायला एकदा एक जुना ड्रायव्हर थेट त्याच्या टेबलापाशी आला होता. "बारा मिनिटांत करणार काय?" असं यानं विचारलं होतं. ड्रायव्हर म्हणाला होता, "काही नाही साहेब. तेच करायचंय." सगळा विभाग हसला होता. पुढं कितीतरी वर्षं त्यानं हा किस्सा रंगवून सांगितला. बायकोलाही सांगितला होता. ती हसली होती का, हे आता त्याला काही केल्या आठवेना.

बस चौथ्या मिनिटाला सुटली. तो मात्र बसून राहिला. चार छत्तीसला उठला आणि गाड्यांकडे न बघता रस्ता ओलांडून गेला. एका स्कूटरवाल्यानं त्याचा उद्धार केला.

"काकूंची सोडू ना?" मुलीनं घाबरतच विचारलं.

"नाही. पक्की कर."

"आणि तुमची दोघांची?"

"ती राहू दे. तिनं खोली कुठली घेतलीय?"

"सगळ्यात खालची, आतली. बिनखिडकीची. काय आहे काका, एकट्या माणसालाही भाडं जवळजवळ दोघांचंच पडतं. म्हणून."

"सात दिवस पाणी बघायला जायचं आणि खिडकी नाही?"

"मी पण तेच म्हटलं. तर म्हणाल्या, अंधारात झोप छान लागते."

"खिडकीची दे," तो म्हणाला आणि पाकीट काढलं. दोघांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत एकटीची खिडकी बसत होती.

बायको सहा वाजून गेल्यावर आली. पिशवी खुर्चीवर ठेवून बेसिनकडे गेली. तिच्या पाठीकडे बघत तो म्हणाला,

"तुझी खोली पक्की केली."

पाणी वाहत राहिलं.

"कुठली?"

"अकरा दिवसांची."

तिनं नळ बंद केला, पण वळली नाही. "त्या मुलीनं सांगितलं?"

"तिची चूक नाही. आडनाव एकच पडलं."

ती येऊन खुर्चीत बसली. ओले हात तिनं थिएटरमध्ये धरतात तसे वर धरले होते. "मी पैसे भरणार नव्हते," ती म्हणाली. "पाचला आपोआप सुटेल, हे ठाऊकच होतं मला. आपली एक खोली कुठंतरी आहे, एवढ्यावरच चाललं होतं मंगळवारपासून. आज पाच वाजता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, चला, सुटली."

"सुटली नाही."

"म्हणजे आता जावं लागेल."

"सात दिवसांत रद्द करता येते. नियम विचारून आलोय."

"ते तुम्ही विचारणारच." तिनं हात पदराला पुसले. "रागावलात?"

"हो," तो म्हणाला. मग जरा विचार करून म्हणाला, "चार ते पाच जास्त होतो. आता थोडा."

त्यानं तक्त्याची एक सुटलेली चिकटपट्टी अंगठ्यानं दाबली, ती पुन्हा सुटली.

"लोक विचारतील," ती म्हणाली. "नवऱ्याला टाकून कुठं निघालीस?"

"सांग, नवऱ्याला बोट लागते."

"तुम्हाला कुठं बोट लागते?"

"अजून चढलोच नाही. लागत असेल."

तिच्या नाकातून हसू निसटलं. तिनं तक्ता आपल्याकडे ओढला, लाल रेघेखालच्या त्या ओळीवर वाकली आणि सातही चौकटी सावकाश वाचल्या, जणू प्रत्येकीत निराळं काही लिहिलं होतं.

"खिडकी आहे तिला," तो म्हणाला.

"खिडकी?" तिनं वर पाहिलं. "कुठल्या बाजूला?"

बिछान्याची रुंदी त्याला सांगता आली असती. "हे विचारायचंच राहिलं," तो म्हणाला, आणि लगेच उठून फोन हातात घेतला. "आत्ता विचारतो. साडेसहापर्यंत असते ती."

"राहू दे. गेल्यावर कळेल मला."

"आणि मला?"

"तिथून फोन लागत नाही."

त्यानं फोन तक्त्यावर पालथा ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "आल्यावर सांग."