जागेवर

त्याने गुडघे टेकले, मान वाकडी करून पलंगाखाली पाहिलं आणि हातातलं फडकं तसंच धरून थांबला. पलंगाच्या चाकाला लागून पिवळट ओल पसरली होती. तिच्या कडेला चार-दोन लेंड्या, आणि पलीकडे भिंतीला पाठ लावून साहेब बसले होते. पुढचे पाय पोटाखाली दुमडलेले, कान मागे टाकलेले, आणि चेहऱ्यावर तक्रारी ऐकून घ्यायची वेळ संपल्याचा भाव.

"काय हो साहेब," तो हळूच म्हणाला. "पुन्हा?"

सशाने नाक हलवलं. बाकी काही हलवलं नाही.

"पुन्हा ना?" स्वयंपाकघरातून थोरल्या बहिणीचा आवाज आला. "मला मघाशीच वास आला. म्हटलं बोलायला नको. लोक म्हणतील, नणंद मदतीला आली आणि सशावर उठली."

"पुसतोय मी, ताई."

"पूस बाबा. पुसण्यातच जन्म जायचाय तुझा."

फडकं बादलीत पिळून त्याने फरशी एकदा पुसली, मग व्हिनेगरच्या पाण्याने पुन्हा पुसली. वर, पलंगावर, बायको कुशीवर पडून होती. तिचा डावा हात कडेवरून खाली लोंबत होता आणि बोटं हवेत कोणाला तरी बोलावल्यासारखी हलत होती. साहेब उठले, ओल्या फरशीला वळसा घालून आले आणि त्यांनी आपलं कपाळ त्या बोटांखाली नेऊन दिलं. बोटं कानांवरून फिरू लागली.

त्याने मान फिरवली आणि बादली उचलली.

साहेब हे नाव बायकोनेच ठेवलं होतं. राखाडी अंग, छातीवर पांढरा पट्टा, बसण्याची ती ऐट. ससा आला तेव्हा ओंजळीएवढा होता, पण रुबाब पहिल्यापासून मोठ्या खुर्चीतला. ती ग्रंथालयात ग्रंथपाल होती. लोक पुस्तक काढतात, चाळतात आणि हाताला येईल त्या फळीवर खुपसून जातात, या एका पापावर तिचा सगळा राग खर्ची पडे. वाचनाच्या खोलीत मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून तिने एक शब्द घडवून ठेवला होता. तो ओरडण्याइतका मोठा नव्हता आणि न ऐकल्यासारखं करण्याइतका लहानही नव्हता.

"जागेवर."

'गे'वर थोडा भार देऊन ती म्हणायची आणि भल्याभल्यांचे हात फळीपाशी थबकायचे. तोच शब्द तिच्याबरोबर घरी आला. घरात त्याचे दोन धनी होते, एक नवरा आणि एक ससा. ससा लवकर सुधारला. खिडकीखाली कागदाचे तुकडे आणि वाळलेलं गवत घालून ट्रे ठेवला होता. साहेबांनी दुसऱ्या कोपऱ्यात शेपूट उचलली की ती म्हणायची, "जागेवर!" थोड्याच दिवसांत साहेब घरभर हिंडून आले तरी त्या कामाला मात्र खिडकीखालीच परतू लागले. नवऱ्याचं तसं नव्हतं. ओला टॉवेल पलंगावर, बूट दारात आडवे, चष्मा साखरेच्या डब्यावर. तो लिफ्टचा फिटर, दिवसभर उंच इमारतींच्या माथ्यावर ग्रीस आणि तारांशी झटायचा. म्हणायचा, "अगं, तिकडे प्रत्येक गोष्ट मापात ठेवून येतो, घरी तरी जरा ऐसपैस राहू दे." त्यावर तिचं उत्तर ठरलेलं. एकच शब्द.

मग तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द सगळे आत होते, असं डॉक्टर म्हणाले. ऐकलेलं कळतं, बाहेर काढता येत नाही. ते त्याला इतर कोणापेक्षा लवकर समजलं. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली की आत माणसं धडधाकट असतात, दिवाही जळत असतो, फक्त दार कोणत्याच मजल्याला लागत नाही. अशा वेळी तो वरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन ब्रेक सोडायचा आणि हाताने चाक फिरवत माणसांना बोटाबोटाने खाली आणायचा. आतल्यांनी घाबरू नये म्हणून अधूनमधून "आलोच, आलोच" म्हणायचा. इथे कोणतं चाक फिरवायचं ते त्याला कोणी सांगत नव्हतं. लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्याने देवाच्या गोष्टी ऐकल्या होत्या, कीर्तनात गाऊन सांगितलेल्या. त्यांत मुके बोलायचे, पांगळे डोंगर चढायचे. पण मधल्या दिवसांत घरातली माणसं काय करतात, ते गाणाऱ्याने कधी सांगितलं नव्हतं.

साहेबांची सवयही त्याच सुमारास सुटली. दवाखान्यातून चाकांचा उंच पलंग आला, तेव्हा खोलीत जागा करावी लागली. ट्रे उचलून स्वयंपाकघराच्या मागे ठेवला. "आजारी माणसाच्या उशाशी कुणी संडास ठेवतं का?" बहीण म्हणाली, आणि ते खरंच होतं. पण साहेब त्या ट्रेकडे ढुंकून बघेनात. पलंगाखाली, चाकापाशी, कधी खाली लोंबणाऱ्या चादरीवर.

त्याने सशाला पेटीत घालून जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने पोट चाचपलं, लघवी तपासली.

"तब्येत ठणठणीत आहे," ती म्हणाली. "घरात काही बदललंय का?"

"काय नाही बदललं ते सांगायला सोपं जाईल, डॉक्टर," तो म्हणाला.

एक गोष्ट आणखी बदलली होती, ती त्याने सांगितली नाही. झटका आल्यापासून घरात त्याची एकही वस्तू इकडची तिकडे होत नव्हती. टॉवेल दोरीवर, बूट फळीवर, चष्मा डबीत, पाने-पक्कड पिशवीत आपापल्या कप्प्यात. कोणी सांगितलं नव्हतं. नवस बोलल्यासारखं त्याने ते मुकाट्याने धरलं होतं.

बहिणीच्या डोळ्यांतून मात्र ते सुटलं नाही. "बिचारीनं जन्मभर कानीकपाळी ओरडून सांगितलं तेव्हा अक्कल आली नाही," ती म्हणाली. "आता बघा, रंगीत चित्रासारखं घर."

मग पदराने डोळे टिपून ती पोळपाट धुवायला लागली.

सशाचा निकाल तिनेच लावला. तिच्या ओळखीचा एक माळी होता, मोठी रोपवाटिका होती त्याची. रविवारी येऊन घेऊन जाईन म्हणाला होता.

"तुला वाईट वाटेल, मला का वाटत नाही?" ती म्हणाली. "पण तिच्या अंगाला जखम झाली, त्यात हे ओलं लागलं, तर? ससा महत्त्वाचा की बायको?"

तो बायकोच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसला.

"साहेबांना माळ्याकडे पाठवूया का?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली, हो म्हणून.

"की राहू देत इथेच?"

तिने मान हलवली, हो म्हणून. आणि मग आपल्याच मानेवर रागावल्यासारखे डोळे मिटून घेतले.

शनिवारी सकाळी तो कामावर निघायच्या बेतात होता. बहीण अंघोळीला गेली होती. स्टुलावर बसून तो बुटाची नाडी बांधत होता, तेवढ्यात साहेब स्वयंपाकघरातून आले. ट्रेवरूनच आले असणार, पण थांबले नव्हते. संथ उड्या मारत पलंगाच्या चाकाशी गेले, एकदा गोल फिरले आणि त्यांनी शेपूट उचलली.

"जागेवर."

नाडी त्याच्या हातात राहिली.

'गे'वर भार होता. आवाज खरखरीत होता, बंद घराच्या बिजागरीसारखा, पण तिचाच. साहेबांचे कान ताठ झाले, तरी हातातलं काम त्यांनी पुरं केलं. त्याने वर पाहिलं. ती उशीवरून त्याच दिशेला बघत होती. ससा आणि तो एकाच रेषेत होते.

"काय म्हणालीस?" तो पुढे सरकला, एक पाय बुटात, एक मोकळा. "पुन्हा म्हण. काय म्हणालीस?"

तिचे ओठ हलले. "हं," ती म्हणाली. "हं. हं." आणि मग तिच्या तोंडाचा डावा कोपरा असा काही ओढला गेला की त्याला पुढे विचारवेना.

बहिणीला पटलं नाही. "भास झाला असेल रे. मलाही आईचा आवाज येतो कधीकधी." पण बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना पटलं. त्या कप, किल्ली, फूल अशी चित्रं घेऊन यायच्या आणि अजून एकाही चित्राचं नाव बाहेर आलेलं नव्हतं.

"होतं असं," बाई म्हणाल्या. "रोजच्या वापरात गुळगुळीत झालेले शब्द असतात ना, देवाचं नाव, शिवी, पोरांवरची ओरड, ते दुसऱ्याच वाटेनं येतात. पण बोलवून येत नाहीत हो. त्यांना निमित्त लागतं."

रविवारी माळी टोपली घेऊन आला. त्याला चहा दिला आणि रिकाम्या टोपलीनिशी परत पाठवला. बहीण सगळं बघत होती. माळी जिना उतरला तशी ती म्हणाली, "ठीक आहे. तो राहू दे. पण मग ठेव त्याचा संडास पलंगाखाली आणि हो मोकळा. माझ्या पायाखाली ओलं येता कामा नये, बस."

म्हणून तो पालथा पडून ट्रे आत सरकवू लागला, तेव्हा त्याला ते दिसलं. फरशीवर एक फिकट चौकोन होता. वर्षानुवर्षं ट्रे तिथे होता, म्हणून तेवढी फरशी नव्यासारखी राहिली होती. पलंग बरोबर तिच्यावर येऊन उभा होता. त्याने ट्रे त्या चौकोनावर ठेवला. कडेला कड लागली.

साहेब चुकलेच नव्हते. इतके दिवस सगळं घर त्यांच्यावर तोंड टाकत होतं आणि ते आपले रोज जागेवरच येत होते.

बदली रद्द झालेल्या कारकुनासारखे ते ट्रेमध्ये चढले, गवत हुंगलं आणि बसले. त्या दिवसापासून बाहेर थेंब पडला नाही. बहिणीने माळ्यालाही ते कौतुकाने कळवलं. घराला व्हिनेगरऐवजी साबणाचा वास येऊ लागला.

आणि शब्द आला नाही.

साहेब पलंगाखाली निघाले की तो हातातलं टाकून तिच्या ओठांकडे बघायचा. ती सशाकडे बघायची, ससा बरोबर जागी जायचा, आणि ओठ मिटलेले राहायचे. म्हणणार तरी काय? चूक कुठे होती?

एका दुपारी बहीण बाजारात गेली असताना त्याने ट्रे हळूच बाहेर ओढून दाराआड ठेवला आणि स्टुलावर बसून राहिला. साहेब आले. फिकट चौकोनावर उभे राहिले. खाली हुंगलं, वर पाहिलं, पुन्हा खाली हुंगलं. मग त्यांनी मागचा पाय फरशीवर जोराने आपटला आणि त्याच्याकडे बघत लघवी तशीच धरून बसले. त्याच्याने ते बघवलं नाही. उठून त्याने ट्रे पुन्हा आत सरकवला.

"चुकलं साहेब," तो म्हणाला. "तुमचा काय दोष?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतल्यावर त्याने हातपाय धुतले, टॉवेलने तोंड पुसलं आणि तो दोरीवर टाकायला हात वर केला. हात तिथेच राहिला. त्याने खोलीकडे पाहिलं. बूट फळीवर, टाचा भिंतीला लावून. चष्मा डबीत. पिशवीचे कप्पे बंद. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि कशालाही न अडखळता थेट भिंतीपर्यंत जात होतं.

तो टॉवेल घेऊन पलंगापाशी आला. ती जागी होती. त्याने टॉवेल तिच्या पायांपाशी ठेवला, अगदी चादरीवर, ओला, बोळा करून. मग फळीवरचा एक बूट काढून खोलीच्या मध्ये आडवा टाकला. डबीतून चष्मा काढला, क्षणभर हातात धरला आणि तिच्या औषधांच्या बाटल्यांवर तिरका ठेवून दिला. मग स्टूल ओढून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

"अरे!" बहीण दारात आली होती. "हा बूट काय मध्येच? आणि तो टॉवेल..."

"असू दे, ताई."

"अरे पण ओला आहे तो, तिला..."

"असू दे. तू नको बोलूस," तो म्हणाला. "तेवढं तू नको बोलूस."

बहीण काही म्हणणार होती. तिने बुटाकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली.

बायकोचे डोळे टॉवेलवर गेले. तिथून बुटावर. बाटल्यांवरच्या चष्म्यापाशी जरा जास्त थांबले आणि मग त्याच्या तोंडावर आले. डावा हात चादरीवरून सरकत टॉवेलच्या दिशेला निघाला आणि अर्ध्यावर थांबला.

"आहे मी," तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला. "इथेच आहे."

पलंगाखाली गवत खसखसलं. तो हलला नाही. टॉवेलखालची चादर हळूहळू ओली होत होती, आणि ती ओल कडेकडेने पसरत चालली होती.