माएस्त्रोची मुकी बासरी

मी बासरी. माझ्यातून आता सूर निघत नाही, म्हणून हे बोलून सांगावं लागतंय.

माझा जन्म इटलीतल्या बेर्गामोचा. काळं लाकूड, भोकांवर चांदीच्या चाव्या. फुल्जेन्सिओ बार्देल्ली नावाच्या तरुणानं मला ओठांशी धरलं आणि नाटकघरं टाळ्यांनी दणाणू लागली. पुढे एका ऑपेरा मंडळीबरोबर आम्ही समुद्र ओलांडून पेरूला आलो. मंडळी फुटली, सगळे परतले. हा मात्र आरेकिपा गावातच राहिला, कारण तिथली एक मुलगी, कासिमिरा. लग्न करून तो तिथलाच झाला, मुलांना बासरी शिकवू लागला. सगळे त्याला 'माएस्त्रो' म्हणत, म्हणजे गुरुजी. कासिमिरासुद्धा थट्टेनं तेच म्हणायची.

त्यांना मुलगी झाली, एउफेमिया. तिच्यासाठी त्यानं एक छोटी धून रचली होती. ती ऐकल्याशिवाय पोर झोपायची नाही. एखादा सूर गाळला, की पांघरुणातून आवाज यायचा, "पपा, लबाडी नको!"

एकदा राजधानी लिमाहून मोठ्या मैफलीचं बोलावणं आलं. पोरीच्या अंगात कणकण होती. तो घुटमळला. "जा हो माएस्त्रो," कासिमिराच म्हणाली, "पोरांना ताप येतो नि जातो."

आम्ही परतलो तेव्हा दारावर काळं कापड लावलं होतं.

कासिमिरा रडत नव्हती. माझ्या पेटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होती, बासरी का वाजत नाही म्हणून. आता या घरात ती वाजायची नाही."

त्यानं पेटी कपाटात ठेवून दिली.

शिकवणं चालूच राहिलं, पण शिष्यांच्या घरी, त्यांच्याच बासरीवर. सुरुवातीला तो मला काढून हळूच पुसायचा. पुढे तेही थांबलं. आरेकिपाची हवा कोरडी. माझ्यासारखीला माणसाच्या श्वासाची ओल लागते. एका हिवाळ्यात माझा फुंकायचा तुकडा वरपासून खालपर्यंत चिरला. कुणाला कळलंही नाही.

दोघं म्हातारी झाली. कासिमिरानं अंथरूण धरलं. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, आपल्या पोरीची धून वाजवा ना."

तो म्हणाला, "तूच नको म्हणाली होतीस."

"रागात बोलले मी! वाटलं, महिन्याभरात विचाराल, वाजवू का म्हणून. तुम्ही विचारलंच नाहीत."

"मला वाटलं, विचारलं तर तुला पुन्हा दुखेल."

त्यानं पेटीतून माझे तुकडे काढून जोडले, फुंकर घातली. नुसती हवा गेली. त्यानं चिरेत मेण भरलं, पुन्हा फुंकलं. मी जीव तोडून प्रयत्न केला हो! एक घोगरा आवाज निघाला आणि विरला.

"रुसली बाई," कासिमिरा क्षीण हसली. "असू द्या. तोंडानं म्हणा."

मग तो तिच्या उशाशी बसून, फाटक्या आवाजात ती धून गुणगुणला. तिचा हात त्याच्या गुडघ्यावर होता. धून संपली तेव्हा तो हात गार पडला होता.

माएस्त्रो अजून आहे. शिष्य म्हणतात, नवा तुकडा बसवून देतो. तो नको म्हणतो. मला शेजारी ठेवून तो दुपारभर बसून राहतो.

तुमच्याही घरात असं काही कुणाच्या एका शब्दावर बंद पडलं असेल, तर एकदा विचारून बघा. माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. लाकडाला ते जमत नाही.