एका पायावर

व्यायाम शिकवणारी बाई एका पायावर उभं करून सेकंद मोजायला लागली, की आजोबा मुद्दाम डगमगायचे. दोन महिने झाले, आकडा तीनच्या पुढे गेला नव्हता. सुनेला सासऱ्याच्या तोलाचा एवढा पुळका आला, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. मग कपाटावर त्यांच्याच नावाने भरलेला वृद्धाश्रमाचा अर्ज सापडला. त्यात अट होती, ‘आधाराशिवाय चालणाऱ्यांनाच प्रवेश.’ पण म्हातारा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

आज घर रिकामं बघून अर्ज फाडायलाच ते स्टुलावर चढले. अर्ज कपाटावर पार मागे सरकला होता. एक पाय हवेत सोडून, दुसऱ्याच्या चवड्यावर उभं राहून ते चाचपडू लागले.

दारातून सुनेचा शांत आवाज आला. “अठरा, एकोणीस, वीस. उतरा आता बाबा. सही खाली बसून करा.”