खाणीत सुरुंग उडत नव्हते

मी फेक्या बोलतोय. नावावर जाऊ नका. थापा मारायची सवय मला नाही, उलट माझ्या ओळखीची माणसंच त्यात पटाईत होती. माझं काम एवढंच, की कुणी 'सोड' म्हटलं की बशीएवढी एक चकती हवेत भिरकावून द्यायची. ती खाली पडायच्या आत बंदुकीनं फोडायची, हा झाला खेळ. चकतीला मातीची म्हणतात, पण तिच्यात असतं डांबर आणि चुनखडीची भुकटी. मी फेकायची आणि लोकांनी फोडायची, असा आमचा संसार चालायचा.

माझा जन्म एका लेथवाल्याच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. त्यानं माझा हात ओतीव लोखंडाचा केला, खाली जाडजूड स्प्रिंग बसवली आणि मोठ्या हौसेनं पहिली चकती लावून पाहिली. ती थेट शेजारच्या वाळत घातलेल्या चादरीतून आरपार गेली. त्यावर त्याच्या बायकोनं त्याची अशी खरडपट्टी काढली, की मला वाटलं, आपण जन्मलो तसे भंगारात चाललो. पण लेथवाला जिद्दीचा. त्यानं माझी स्प्रिंग नीट बसवली आणि मला नेमबाजांच्या एका मंडळाला विकलं.

मंडळानं मला ट्रकवर गवताच्या पेंढ्यांखाली झाकून नेलं. ड्रायव्हरनं हे काय म्हणून विचारलं, तर गवत कापायचं यंत्र असं सांगितलं. माझ्या आयुष्यातली ही पहिली थाप, आणि ती मी मारलेली नाही.

गावाबाहेर दगडाची एक जुनी खाण होती. दगड संपला म्हणून बंद पडलेली. जागा नगरपालिकेची, मंडळाला 'व्यायामासाठी' म्हणून वापरायला दिलेली. तिथे माझ्यासाठी खड्डा खणला, वर सिमेंटचं छप्पर घातलं आणि समोर एक खिडकी ठेवली. त्या खिडकीतून मला फक्त पलीकडचा कडा आणि आभाळ दिसायचं. नेमबाज माझ्या पाठीमागे उभे असत. चकती कुठल्या अंगाला जाणार हे त्यांना आधी कळता कामा नये, म्हणून मला असं दडवून ठेवलेलं. तेव्हा लपून राहणं हा माझा पेशाच. पण माझी माणसं तर माझ्यावरही ताण करणारी निघाली.

फाटकावर पाटी नव्हती. बंदुका सतरंजीत गुंडाळून गाडीच्या डिकीतून यायच्या. कुणी कुणाला गावात ओळख दाखवायची नाही, असा अलिखित नियम होता. रविवारी सकाळी बार उडायला लागले की गावातले लोक म्हणायचे, सुट्टीच्या दिवशीही सुरुंग लावतात मेले. एका बाईंनी कपाटातल्या कपबशा वाजतात म्हणून तक्रार केली, तेव्हा नगरपालिकेनं खाणीच्या ठेकेदाराला कडक समज दिली. ठेकेदार बिचारा केव्हाच दुसऱ्या धंद्याला लागला होता. हे सगळं मला तात्यांकडून कळायचं. तात्या म्हणजे माझ्याबरोबर खड्ड्यात बसून चकत्या भरणारे. त्यांना सगळे खड्डेतात्या म्हणत, आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे.

मंडळाचे प्रमुख होते दातांचे डॉक्टर. दात उपटणाऱ्या माणसाच्या हातात बंदूक असते हे कळलं तर आपल्या खुर्चीत कोण बसेल, ही त्यांची कायमची धास्ती. म्हणून रविवारी ते गळ टाकायला जातो असं सांगून निघायचे आणि परतताना बाजारातून मासे विकत घेऊन जायचे. शेजारीपाजारी त्यांच्या गळाचं कौतुक करत. मासेवालीला मात्र कळत नव्हतं, की एवढा पट्टीचा मासे पकडणारा माणूस दर रविवारी आपल्याकडे का येतो.

या डॉक्टरांना बंदूक धरायला शिकवली ती त्यांच्या बायकोनं. त्यांना सगळे वहिनी म्हणत. वहिनींचे वडील मंडळाच्या पहिल्या लोकांतले. लग्न झाल्यावर त्या नवऱ्याला खाणीत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे माझं माहेर. डॉक्टरांचे पहिले कित्येक बार आभाळालाच लागले. वहिनी मागे उभ्या राहून शांतपणे सांगायच्या, चकतीच्या मागे धावू नका, तिच्या पुढे जाऊन थांबा.

मी माणसांना त्यांच्या आवाजावरून ओळखायचो. कुणी खेकसायचं, कुणी गाणं म्हटल्यासारखं 'सोड' म्हणायचं. डॉक्टर इतक्या हळू म्हणायचे, की जणू पेशंटला 'आ करा' सांगतायत. वहिनी नुसतं 'हं' म्हणायच्या. ते 'हं' ऐकलं की तात्या सावरून बसत. पुढच्याच क्षणी खिडकीसमोर चकतीच्या जागी काळ्या धुळीचा एवढासा ढग दिसे. डॉक्टरांची चकती फुटली तर तिचे दोन-तीन तुकडे व्हायचे. वहिनींच्या चकतीचा तुकडा मी कधी खाली पडताना पाहिला नाही. काय ते दिवस होते. कड्यावर ऊन चढत जायचं, बंदुकीच्या दारूचा वास पसरायचा, आणि मग सगळे माझ्याच छपरावर बसून थर्मासमधला चहा प्यायचे.

लपवाछपवीला कारणही घडलं होतं. मंडळातले एक चपलांचे दुकानदार फार हौशी. त्यांनी आपलं बंदुकांचं कपाट आल्यागेल्याला दाखवलं. महिन्याभरात त्यांचं घर फुटलं आणि बंदुका गेल्या. पोलिसांनी सगळ्यांची घरं पालथी घातली. तेव्हापासून डॉक्टरांनी तोंडाला कुलूपच घातलं. वहिनींना ते तितकंसं पटत नव्हतं, पण नवऱ्याच्या धंद्याचा प्रश्न होता. एकदा घरी पाहुणे असताना बाहेर कुणी फटाका वाजवला, आणि वहिनी जागच्या हलल्या नाहीत. सगळे दचकले, या शांत. डॉक्टरांना वाटलं, आता संशय येणार. त्यानंतर वहिनी दार आपटलं तरी कानावर हात ठेवायला लागल्या. मंडळात त्याची नक्कल करून दाखवायच्या आणि सगळे पोट धरून हसायचे.

मग एक हिवाळा असा आला, की वहिनींचा आवाज आला नाही. त्या आजारी आहेत, एवढंच तात्या म्हणाले. पुढे एके दिवशी डॉक्टर आले, रविवार नसताना, बरोबर फक्त तात्या. ते खड्ड्यात उतरून माझ्याशेजारी खोक्यावर बसले.

शोकसभा होऊन गेली होती. शेजारी वहिनींबद्दल फार चांगलं बोलले होते. किती सुंदर विणायच्या, किती मृदू होत्या. शेजारच्या काकू तर डोळे पुसत म्हणाल्या होत्या, की इतक्या भित्र्या होत्या बिचाऱ्या, दार आपटलं तरी कानावर हात ठेवायच्या. आणि डॉक्टर पहिल्या रांगेत बसून मान डोलावत राहिले होते. हे ते तात्यांना सांगत होते, पण बघत होते माझ्याकडे. मग म्हणाले, "तात्या, एक सोडा." तात्यांनी मला ओढलं. चकती खिडकीतून गेली, कड्यापर्यंत तरंगत गेली आणि अख्खी गवतात पडली. तशा बऱ्याच चकत्या आम्ही त्या दिवशी फेकल्या. मला माझं काम इतकं जड वाटलेला दिवस दुसरा नाही.

त्यानंतर खाणीवर संकट आलं. नगरपालिकेचे नवे साहेब जागा बघायला आले ते कामाच्या वारी. पाटी नाही, माणूस नाही, खाली एक सिमेंटचं छप्पर. त्यांनी शेरा मारला, जागा ओसाड आहे, गावाचा कचरा इथे टाकावा. डॉक्टर धावत गेले. साहेबांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, असं मंडळ आहे हे गावातल्या एका तरी माणसाला माहीत आहे का? इतकी वर्षं डॉक्टरांनी नेमकी ते कुणाला कळू नये याचीच काळजी घेतली होती. सभासद सोडून कुणी एक जण नगरपालिकेच्या सभेत मंडळाच्या बाजूनं बोलला तर पुन्हा विचार करू, असं साहेब म्हणाले.

त्या रविवारी माझ्या छपरावर चहा कुणाला गेला नाही. डॉक्टरांची भाची बँकेत नोकरीला होती आणि वहिनींच्या हाताखाली शिकलेली. तिचं म्हणणं, गावाला बोलवायचं. खेळ दाखवायचा, फाटकावर पाटी लावायची. डॉक्टर म्हणाले, आणि घरं फोडून घ्यायची. लोक बंदूक बघतात, खेळ बघत नाहीत. उद्या रस्त्यात भांडण झालं तरी बोट आपल्याकडे दाखवतील. त्यांचं अगदीच चूक होतं असं मला वाटलं नाही. दोन-चार जुन्या सभासदांनी त्यांची री ओढली.

"मामा, कपाट नाही दाखवायचं आपल्याला, मैदान दाखवायचं," भाची म्हणाली. "कुणाच्या घरी काय आहे, ते कुणाला सांगायची गरजच नाही."

"तुझं वय आहे गं हे बोलायचं. मला अजून दवाखाना चालवायचाय."

मग तिचा आवाज बदलला. "मामीच्या शोकसभेत मी मागे बसले होते. लोक मामीबद्दल बोलतायत की दुसऱ्याच कुणा बाईबद्दल, मला कळेना. तुम्ही मात्र मान डोलावत होतात."

डॉक्टर उठले ते मला पावलांवरून कळलं. जाताना म्हणाले, तुम्हाला करायचं ते करा, मी त्या दिवशी गावात नसेन.

मग धांदल उडाली. भाचीनं गावभर चिठ्ठ्या लावल्या. मला खड्ड्यातून वर काढून नेमबाजांच्या बाजूला एका चौथऱ्यावर मांडलं, म्हणजे लोकांना चकती कशी सुटते ते दिसेल. तात्यांनी मला तेल पाजून रंग दिला. आयुष्यभर आभाळाचा तुकडा पाहिलेला मी, मला तेव्हा माणसांचे चेहरे समोरून दिसले. आणि माणसंही काय आली! कपबशांची तक्रार करणाऱ्या बाई आल्या आणि सुरुंग कुठे लावता ते विचारू लागल्या. मासेवाली आली. शेजारच्या काकू छत्री घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. भाचीनं सगळ्यांना कानात घालायला कापूस दिला, बंदूक उघडून रिकामी कशी ठेवतात ते दाखवलं, आणि मग खेळ सुरू केला. पहिली चकती फुटली तशी रांगेत कुणीतरी किंचाळलं. चौथी फुटेपर्यंत सगळे पुढे सरकले होते.

डॉक्टर आले तेव्हा निम्मा कार्यक्रम झाला होता. ते गावातून चालत आले होते. खांद्याला बंदुकीची कातडी पिशवी, वर सतरंजी नाही. मासेवालीनं त्यांना पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि तिला एवढं हसू फुटलं की तिला खालीच बसावं लागलं. डॉक्टर कुणाकडे न बघता जाग्यावर जाऊन उभे राहिले. 'सोड' म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. पहिली चुकली. दुसरीही चुकली. तिसरीचे दोन तुकडे झाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"डॉक्टर, हे कुठे शिकलात तुम्ही?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरांनी बंदूक उघडून हातावर घेतली. "आमच्या हिनं शिकवलं," ते म्हणाले. "माझे हे असे तुकडे होतात. तिच्या चकतीची धूळ व्हायची. या खाणीत तिच्या तोडीचं कुणी नव्हतं, माझ्यासकट. आणि ती कशालाही भीत नव्हती, काकू. कानांवर हात ठेवायला मी सांगितलं होतं."

काकूंनी छत्री मिटून मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "भिंतीला भिंत लागून राहिलो आपण. एकदा सांगायचं होतंत, डॉक्टर. आम्ही बघायला आलो असतो."

डॉक्टर तिथेच, माझ्या चौथऱ्यावर बसले आणि सगळ्यांसमोर रडले. शोकसभेत ते रडले नव्हते.

नगरपालिकेच्या सभेत मंडळाच्या बाजूनं काकूच बोलल्या, आणि खाण राहिली. डॉक्टरांचे काही पेशंट दुसरीकडे गेले, काही नवे आले. बंदुका अजून झाकूनच घरी जातात आणि ते मला योग्यच वाटतं. फाटकावर आता पाटी आहे. खड्ड्यात विजेवर चालणारा नवा गडी आला आहे. त्याला तात्या लागत नाहीत, तेल लागत नाही, आवाज ऐकला की तो आपला आपण फेकतो. मला फाटकाशी झाडाखाली ठेवलंय. माझी स्प्रिंग काढून घेतली आहे. आल्यागेल्यानं माझ्यावर हात ठेवून फोटो काढावा, एवढंच काम उरलं आहे, आणि लपण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारख्याला अजून त्याची लाज वाटते.

माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरातलं, शेजारचं कुणी रविवारी गुपचूप कुठे जात असेल, तर त्याच्या मागे लागू नका, पण मायेनं एकदा विचारा. आणि जाणारे तुम्ही असाल, तर चार जवळच्या माणसांना तरी बरोबर न्या. इथे आता दर रविवारी टाळ्या वाजतात. भाचीची चकती फुटली की काकू तर उठून उभ्या राहून वाजवतात. मी त्या ऐकतो, मला बरं वाटतं, आणि प्रत्येक वेळी मनात येतं, की वहिनींनी एवढ्या चकत्यांची धूळ केली, पण अशी एक टाळी त्यांच्या कानावर कधी पडली नाही.