बोट दाखवणारा झेंडा

झेंडेवालीला झेंड्यांचा कंटाळा नव्हता. निरोपांचा होता.

खाली दोन दुकानं, दोन्ही चपला-बुटांची. समुद्राच्या बाजूचं थोरल्या वहिनीचं, चौकाच्या बाजूचं धाकट्या वहिनीचं. मधे भिंत घातल्यापासून, म्हणजे गेलं दीड वर्ष, जावाजावांचा अबोला. आणि वर, दोघींच्या डोक्यावर, नणंद. म्हणजेच आपली झेंडेवाली. शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे, अठरा पायऱ्या.

"वन्सं, तिला सांगा, तिचं पायपुसणं माझ्या पायरीवर आलंय."

"वन्सं, त्यांना सांगा, पायपुसण्याला पाय नसतात."

बोलणाऱ्या दोघी हातभर अंतरावर उभ्या. निरोप मात्र अठरा पायऱ्या उतरून यायचा.

एक दिवस थोरलीने झेंडा शिवायला सांगितला. "पिवळ्यावर लाल हात. हा एवढा! बोट थेट माझ्या दाराकडे. मधल्या भिंतीवर काठी आहे ना, तिच्यावर आधी माझा लागला पाहिजे. गिऱ्हाईक तिच्याकडे वळता कामा नये."

इथे गोष्ट जरा थांबवू, कारण झेंडेवालीही थांबली होती. घरावर लावायला कुणी कुत्र्याचं तोंड मागो, कुणी आडनावाचं अक्षर, हॉटेलवाला कपबशी मागो. ती एकच गोष्ट सगळ्यांना बजावायची. बाण नको, बोट नको. झेंडा वाऱ्याची चाकरी करतो, मालकाची नाही. हेच सांगायला तिने तोंड उघडलं.

आणि मिटलं.

"करते की, वहिनी."

इतकं मन लावून तिने वर्षभरात काही शिवलं नव्हतं. काठीकडच्या कडेला जाड पट्टी, पितळी कड्या. मोकळी कड आधी फाटते, म्हणून तिथे चार टिपा. हात दोन्ही अंगांनी दिसेल असा. बोट मोकळ्या कडेकडे.

सकाळ. वारा जमिनीवरून समुद्राकडे. बोट थोरलीच्या दारात, आणि थोरली अशी ताठ की काठी तिनेच गिळलीय. तीन गिऱ्हाइकं आत गेली.

दुपार. वारा उलटला. तिथे तो रोजच उलटतो. झेंडा फडफडत फिरला, बोट धाकटीच्या दारात. थोरलीची पायरी चढलेली एक बाई वर बघून उतरली आणि पलीकडे शिरली.

"वन्सं!" थोरली रस्त्यात आली. "तिला सांगा..."

वरून यंत्राची घरघर. सुईखाली कापड नव्हतं.

"वन्सं, ऐकताय ना?"

घरघर वाढली.

थोरली धाकटीच्या दाराकडे वळली. "ए! झेंडा माझा आहे!"

"मग वाऱ्याला सांगा ना, जाऊबाई. मला काय सांगता?"

"तूच बोलावलंस त्याला!"

"हो, आणि चहासुद्धा पाजला!"

मग काय विचारता! पायपुसणं निघालं, भिंत निघाली, कुणाच्या लग्नात कुणी कुणाला साधं पाणीही विचारलं नाही ते निघालं. दोघींचे नवरे, म्हणजे झेंडेवालीचे भाऊ, हातातली मापाची पट्टी तशीच धरून आपापल्या दारात आले आणि शहाण्यासारखे आत गेले. वर झेंडेवाली यंत्राला पाय देत एकेक शब्द चवीने ऐकत होती.

तेवढ्यात धाकटी अडखळली. "पण काय हो, जाऊबाई... वन्सं तर मला म्हणाल्या, झेंड्यावर बोट कधी काढू नये."

"कधी म्हणाल्या?"

"मागच्या महिन्यात. मी हाच झेंडा मागितला तेव्हा."

खाली दोघींनी एकदम वर पाहिलं. यंत्र चालू होतं, पण आता त्यात दम नव्हता.

मग जिन्यावर पावलं. दोघींची, एका चालीत.

"घरात आग लावायला..." थोरली.

"...लाज नाही वाटली?" धाकटी.

अर्धा तास दोघींनी तिला धू धू धुतलं, एकमेकींची वाक्यं पुरी करत. मग तिच्याच कापायच्या टेबलावर चढून बसल्या. नव्या झेंड्यावर काय असावं? थोरलीला बूट हवा. धाकटीला सँडल.

"दोन्ही काढले तर?" झेंडेवालीने विचारलं.

दोघी एकदम वळल्या. "वन्सं, तुम्ही मध्ये बोलू नका!"

"नाही बोलत," ती म्हणाली, आणि पटकन चार टाचण्या ओठांत धरल्या. नाहीतर हसू आवरलं नसतं.