उलटा बाण

जाळं उभं राहिलं त्या दिवशी ऑफिसात केक कापला होता. शहराची आणि तळ्यापलीकडच्या खेड्यांची आरोग्यसेवा एक झाली होती. दोन्हीकडच्या जुन्या तक्त्यांमधून सिर्पाने एकच जाळं तयार केलं: प्रत्येक माणूस एक ठिपका, प्रत्येक नातं एक बाण. एआय एजंटांनी त्या बाणांवरून फिरायचं आणि कोणाच्या घरी नर्स पाठवायची ते ठरवायचं. माणसांनी नुसती कॉफी प्यायची.

'सांभाळतो' या बाणापाशी तिचा सहकारी यूहा अडला होता. शहराच्या तक्त्यात सांभाळणाऱ्याचं नाव आधी यायचं. खेड्यांच्या तक्त्यात रकान्यांना मथळेच नव्हते.

"कोण कोणाला सांभाळतं, एकदा विचारून घे ना," यूहा म्हणाला होता.

"नवरा-बायकोच तर आहेत सगळे. इकडून काय नि तिकडून काय," सिर्पा म्हणाली. "तू आपला केक आण."

खरं तर विचारायचीही गरज नव्हती. सिर्पा त्यांतल्याच एका खेड्यातली. तिची आई तिथे घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. तिकडे आजारी माणसाचं नाव आधी लिहितात, हे सिर्पाला लहानपणापासून माहीत होतं. पण जाळं उभं करायची घाई होती, आणि शहरात राहून राहून तिला शहराचीच रीत खरी वाटू लागली होती. चाचणीत एकही बाण सुटा निघाला नाही. खेड्यांकडचे सगळे उलटे लागले होते, पण ते कुठली चाचणी सांगणार?

जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, हॉस्पिटलमधून नर्सचा फोन आला. आर्ने केत्तुनेन नावाचे म्हातारे बर्फावर घसरून पडले होते, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. ते सारखे बायकोची चौकशी करत होते. घरचा फोन कोणी उचलत नव्हतं, आणि एजंट म्हणत होता, तिकडे कोणाला पाठवायची गरज नाही.

आर्नेला सिर्पा चांगली ओळखत होती. बर्फाला भोक पाडून धरलेले मासे ते तिच्या आईला आणून द्यायचे. त्यांची बायको लेम्पी आता सगळं विसरली होती. तिच्या बुटांच्या नाड्यासुद्धा आर्नेच बांधायचे.

सिर्पाने जाळं उघडलं. बाण लेम्पीकडून आर्नेकडे जात होता. जाळ्याच्या लेखी सांभाळणारी लेम्पी होती. तिने आधी बचाव पथकाला फोन केला आणि मग गाडी काढली.

ती पोचली तेव्हा पथकाची माणसं परत निघायच्या तयारीत होती. चूल विझलेली, दार सताड उघडं. लेम्पी तळ्याच्या बर्फावर गोठून गेलेली सापडली होती, पायात घरातल्या चपला, अंगात नवऱ्याचा कोट. टेबलावरच्या फोनवर एजंटाचे निरोप साठले होते, रोजचा एक. सिर्पाने शेवटचा वाचला. 'लेम्पी, आर्नेची तब्येत सुधारते आहे. तुम्ही त्यांना सांभाळता, त्याबद्दल आभार. स्वतःलाही जपा.'

सिर्पा तिथेच खाली बसली आणि हमसून हमसून रडली. तिला स्वतःची किळस आली.

पोलीस आर्नेला सांगणार होते. सिर्पा म्हणाली, मीच सांगते. ती वॉर्डात शिरली तेव्हा आर्नेचा चेहरा उजळला.

"कोण, सिर्पा? बरं झालं आलीस, पोरी. मी इथे आल्यावर त्या तुमच्या एजंटाला विचारलं होतं, घरचं काय? म्हणाला, काळजी करू नका, सांभाळणारं माणूस घरी आहे. तेव्हा कुठे मी ऑपरेशनला हो म्हटलं."

सिर्पाने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"जी बाई पाठवलीत ना, तिला एक सांगशील? चांगली असेल बिचारी, पण नवीन आहे," आर्ने म्हणाले. "म्हणावं, दाराची वरची कडी लावत जा. मी दिसलो नाही की लेम्पी मला शोधायला बर्फावर जाते."

सिर्पाने त्यांचा हात हातात घेतला.

"आर्ने," ती म्हणाली, "घरी कोणीच नव्हतं."