बॉयलरवाल्याच्या कॉलरमधली राख

मी एक जुना राखेचा कण आहे. मित्रांनो, डोळे बारीक करून मला शोधू नका. दिसण्याइतका मी मोठा नाही, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे.

माझं मूळ दगडी कोळशात. जमिनीच्या पोटात, अंधारात, मी युगानुयुगं गुपचूप पडून होतो. मग मला खणून काढलं, दळलं आणि कारखान्याच्या बॉयलरमध्ये झोकलं. त्या आगीत कोळशातलं शिसं आणि आर्सेनिक वाफ होऊन उडालं. धूर निवू लागला तशी ती वाफ आम्हा सगळ्यांत बारीक कणांच्या अंगावर येऊन बसली. माझी जाडजूड भावंडं चिमणीच्या गाळणीत अडकली. मी मात्र अलगद निसटलो. कितीतरी छपरांवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून तरंगत राहिलो. कोणी वर पाहिलं नाही. शेवटी वारा पडला आणि मी कारखान्याच्याच आवारात बॉयलरवाल्याच्या शर्टावर उतरलो.

माणूस मोठा टापटिपीचा. घरी त्याची लेक चिमी, नुकती चालायला लागलेली. तिला राख लागू नये म्हणून सुटी झाली की तो यंत्रं साफ करायची हवेची नळी घ्यायचा आणि अंगावरचे कपडे झाडायचा. सोबती चिडवायचे, "काय राव, लग्नाला निघालात की काय?" तोही हसायचा. जाड राख उडून जायची. आम्ही बारीक कण त्याच जोराने कापडात आणखी खोल शिरायचो. त्याच्या काळजीनेच आम्हाला घरी नेलं.

"अहो, तो शर्ट दाराबाहेरच काढा ना," बायको म्हणायची.

"अगं, झाडून आलोय. बघ, डाग तरी दिसतोय का?"

खरंच दिसत नव्हता. चिमी धावत यायची आणि बाबाच्या कॉलरमध्ये नाक खुपसून झोपी जायची. एका संध्याकाळी तिने श्वास घेतला आणि मी आत गेलो; माझी कितीतरी बारीक भावंडं आधीच गेली होती.

पुढे चिमी कोमेजत गेली. जेवण नको, खेळणं नको. येत होते ते शब्दही बोलेनाशी झाली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. त्यांनी बाबाचं काम विचारलं.

"पण बाई, मी रोज हवेच्या नळीने झाडून येतो हो," तो म्हणाला.

"कपडे अंगावर असतानाच?"

तो स्वतःच्या बाह्या उजेडात धरून बघत राहिला, आणि मग तिथेच, सगळ्यांदेखत रडला.

मित्रांनो, मला हात असते तर जोडले असते. राख फुंकू नका, झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. कामाचे कपडे कामावरच ठेवा. चिमणीची गाळणी माझ्याएवढ्या बारक्यांनाही अडवेल अशी असू द्या. मला कोणाशी वैर नाही. पण मला परत जाता येत नाही.

आता तो कारखान्यातच आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घरी येतो. चिमी पुन्हा बोलू लागली आहे, जरा अडखळत. तो तिला छातीशी घट्ट धरतो. मी तिच्या फुफ्फुसाच्या तळाशी आहे आणि माझं शिसं तिच्या हाडांत उतरलं आहे. त्याने तिला कितीही जवळ घेतलं, तरी त्याच्यापेक्षा जवळ मी आहे.